पिशवीची किंमत कोण चुकवते?

(भाजीविक्रेत्या, कचरावेचक आणि बचत गटांतल्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

आज मला पिशवीबद्दल बोलायला सांगितले आहे. दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीवर कर असावा की नसावा, असा विषय आहे. काहीजणी मनात म्हणत असाल, की मारहाण, रेशन, पाणी, घरभाडे एवढे सगळे डोक्यावर असताना ही पिशवी कुठून आणली? पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, असे आपल्यातही पुष्कळजणींना वाटते. पण जरा आजूबाजूला पाहा. पुढे मंडईबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या बसल्या आहेत. त्यांच्यामागे कचरा वेचणाऱ्या आहेत. त्या कोपऱ्यात बचत गटासाठी कापडी पिशव्या शिवणाऱ्या आहेत. आणि उरलेल्या आपण सगळ्याजणी रोज संध्याकाळी 'आज भाजी काय करू' म्हणून बाजारात जाणाऱ्या. पिशवी देते ती बाई, घेते ती बाई, फेकलेली उचलते ती बाई आणि तिच्या बदली दुसरी शिवते तीही बाईच. पिशव्यांचा कारखानदार, नियम करणारे मंत्री आणि दंडाची पावती फाडणारा साहेब मात्र बहुतेक वेळा पुरुष असतात. मग हा विषय आपला नाही असे कसे म्हणायचे?

माझे म्हणणे आधीच सांगते, म्हणजे पुढचे ऐकायला सोपे जाईल. पिशवीवर कर असावा, असे माझे मत आहे. पण तो कुणाकडून घ्यायचा आणि त्याचा पैसा कुठे जायचा, हे ठरवताना आपण तिथे हजर असले पाहिजे. आपण नसलो तर तो कर आपल्याच कनवटीतून जाणार, आणि काम मात्र आपल्याकडेच राहणार.

दुधाची पिशवी आणि भाजीची पिशवी

कराने काय होते, हे समजायला अर्थशास्त्राचे पुस्तक नको. आपल्या स्वयंपाकघरातच त्याचे उदाहरण आहे. दुधाची पिशवी रिकामी झाली की आपण ती धुतो, ओट्यामागच्या फरशीला चिकटवून वाळवतो आणि एका जागी साठवतो. महिन्याने भंगारवाल्याला देतो. भाजी ज्या पातळ पिशवीतून येते, तीही प्लास्टिकचीच. पण तिचे काय करतो? तिच्यात ओला कचरा भरतो, गाठ मारतो आणि टाकून देतो. घर तेच, बाई तीच, हात तेच. मग असे का? कारण दुधाच्या पिशवीला किलोवर भाव मिळतो आणि भाजीच्या पिशवीला मिळत नाही. ज्या वस्तूला किंमत असते ती गटारात जात नाही. कोणी भाषण दिले म्हणून आपण दुधाच्या पिशव्या जपत नाही, त्याचे पैसे येतात म्हणून जपतो.

कचरा वेचणाऱ्या मावशींचेही तेच. दिवसभर उन्हात फिरून त्या कागद, पत्रा, बाटल्या, जाड प्लास्टिक उचलतात आणि पातळ पिशवी तिथेच ठेवतात. कुणी म्हणेल, उचलली तर काय बिघडेल? हिशोब करा. पातळ पिशवी दोन-चार ग्रॅमची. म्हणजे किलोभर वजन करायला अडीचशे ते पाचशे पिशव्या वाकून उचलायच्या. त्या खरकट्याने माखलेल्या, म्हणून भंगारवाला घेईल तर पडत्या भावाने, नाही तर घेणारच नाही. पाचशे वेळा कमरेतून वाकायचे आणि हातात चहाचे पैसेही यायचे नाहीत, असे काम कोण करील? म्हणून ती पिशवी रस्त्यावर राहते, पहिल्या पावसात नाल्यात जाते, किंवा भाजीच्या देठांसकट गाईच्या पोटात जाते.

वजनाने पाहिले तर शहराच्या कचऱ्यात या पिशव्यांचा वाटा लहान आहे, हे मी कबूल करते. पण त्यांचे उपद्रवमूल्य वजनावर ठरत नाही. नाला तुंबवायला टनभर प्लास्टिक लागत नाही. आणि नाला तुंबला की पाणी टेकडीवरच्या बंगल्यात शिरत नाही, नाल्याकाठच्या झोपडीत शिरते. तिथे रात्रभर पाणी उपसणारी, ओले धान्य वाळवणारी आणि तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात नेणारी पुन्हा बाईच असते. म्हणजे पिशवी फुकट कधीच नव्हती. तिची किंमत दुकानात घेतली जात नव्हती, एवढेच. ती दुसरीकडे, दुसऱ्याच कुणाकडून वसूल होत होती.

बंदीचा इतिहास

आपल्याकडे सरकारने आजवर काय केले ते थोडक्यात पाहू. १९९९ च्या केंद्राच्या नियमांनी २० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. पुढे ही मर्यादा २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन अशी चढत गेली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती सहज देणार नाही. आणि ती वजनाला भरते, म्हणून वेचणारीला परवडते. नियमामागचा हा विचार वाईट नव्हता. पण मला सांगा, मायक्रॉन मोजायचा कुणी? तो डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही. पाटीवाल्या बाईने घाऊक दुकानातून शंभर पिशव्यांचा गठ्ठा आणला, तो ४० चा की ५० चा हे तिला कसे समजणार? कारखान्यात तपासायची गोष्ट तिच्या पाटीशी येऊन तपासली गेली.

महाराष्ट्रात २६ जुलै २००५ चा पाऊस कुणी विसरलेले नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई बुडाली तेव्हा पहिले बोट प्लास्टिकच्या पिशवीकडे गेले. पिशव्यांनी नाले तुंबले होते हे खरेच. पण मिठी नदीचे पात्र आवळले होते, तिवरांची जंगले तोडून भराव घातले होते, हेही तितकेच खरे. भराव घालणाऱ्यांपेक्षा पिशवी बोलायला सोपी. तेव्हाही बंदीची घोषणा झाली आणि २००६ मध्ये ती ५० मायक्रॉनच्या नियमावर येऊन थांबली.

मग आली २३ मार्च २०१८ ची राज्य सरकारची अधिसूचना. अंमलबजावणी २३ जूनपासून सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पाच हजार रुपये! मंडईबाहेर बसणाऱ्या बाईचे दिवसाचे भांडवल कधी हजार, कधी दोन हजार, आणि तेही पुष्कळदा रोजच्या व्याजाने उचललेले. तिला एका पिशवीसाठी पाच हजारांचा दंड म्हणजे अडीच ते पाच दिवसांचे अख्खे भांडवलच उचलून नेले. नाही तर मग 'समजून घ्या साहेब' म्हणून विनापावती काही तरी हातावर ठेवणे आले. त्याच अधिसूचनेत कारखान्यातच वस्तूला घातलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनाला मात्र सूट होती. थोड्याच दिवसांत किराणा दुकानातल्या पॅकिंगलाही सवलत मिळाली. म्हणजे वेफर्सचे चकचकीत पाकीट चालेल, पण मेथीची जुडी ज्यात घातली ती पिशवी चालणार नाही. त्या पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून त्याला भंगारात भाव नाही. वेचणारीला ते पिशवीइतकेच निरुपयोगी. पण त्या कंपन्यांची बाजू मांडणारे लोक मंत्रालयात जाऊ शकतात. पाटीवालीची बाजू घेऊन तिथे कोण गेले?

बंदीचा अनुभव इतर देशांतही फार वेगळा नाही. आपल्या शेजारच्या बांगलादेशाने १९८८ आणि १९९८ च्या पुरांचा धडा घेऊन २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली. देशभर अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. पण स्वस्त पर्याय हाताशी नव्हता आणि देखरेखही सैल पडली, त्यामुळे पिशव्या हळूहळू बाजारात परत आल्या. बंदी मोडली जाते तेव्हा पिशवी तर राहतेच, शिवाय हप्ता सुरू होतो.

आयर्लंडने काय केले

त्याच वर्षी, म्हणजे ४ मार्च २००२ पासून, युरोपातल्या आयर्लंडने वेगळा रस्ता धरला. तिथे पिशवीवर बंदी घातली नाही, प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर लावला. त्याआधी तिथे माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या वापरल्या जात. कर लागल्यावर हा आकडा २१ वर आला. काही वर्षांत तो पुन्हा ३३ पर्यंत वाढला, तेव्हा जुलै २००७ पासून कर २२ सेंट केला गेला.

हे जमले कसे, ते आपण नीट पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट, रक्कम टोचेल इतकी होती. आधी लोकांना विचारले होते, की पिशवीला तुम्ही किती पैसे द्याल? सरासरी उत्तर आले अडीच सेंटच्याही आत. सरकारने त्याच्या सहापट कर लावला. दुसरी गोष्ट, तो दुकानदाराला स्वतःच्या खिशातून भरून टाकता येत नव्हता. गिऱ्हाइकाकडून घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा, असा नियम होता. त्यामुळे प्रत्येक वेळी तो डोळ्यांसमोर येई. तिसरी गोष्ट, सुटे मांस, मासे, फळे, भाजी यांच्या लहान पिशव्यांना सूट होती. आणि चौथी, आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैसा दुकानदाराच्या गल्ल्यात राहिला नाही. तो सरकारकडे जाऊन पर्यावरणासाठी राखलेल्या वेगळ्या निधीत जमा झाला.

दक्षिण आफ्रिकेत २००३ मध्ये असाच प्रयोग झाला. सुरुवातीला पिशवीची किंमत चांगली होती तेव्हा वापर झपाट्याने घटला. मग किंमत खाली आणली आणि वापर पुन्हा वाढला. म्हणजे नावापुरता कर लावला तर लोक तो भरतात आणि विसरतात.

आपल्याकडे हा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २०११ च्या केंद्राच्या नियमांत 'पिशवी फुकट देऊ नये' असे स्पष्ट लिहिले होते आणि कमीत कमी किंमत ठरवण्याचा अधिकार पालिकेला दिला होता. पण ती किंमत होती, कर नव्हता. पैसा दुकानदाराकडेच राहणार. मोठ्या दुकानांनी हे झटकन उचलले. आपले नाव छापलेली पिशवी गिऱ्हाइकाला विकत द्यायची, म्हणजे जाहिरातही त्याच्याच पैशाने. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने अशाच एका दुकानाला दंड केला. मंचाने केले ते ठीकच, पण त्यामुळे लोकांच्या मनात 'पिशवी फुकट मिळणे हा आमचा हक्क' अशी समजूत पक्की झाली. किंमत आणि कर यांतला फरक कुणी समजावून सांगितला नाही.

२०१६ च्या नियमांनी तर कमालच केली. ज्या दुकानदाराला किंवा फेरीवाल्याला प्लास्टिकची पिशवी द्यायची असेल, त्याने पालिकेकडे नोंदणी करून महिन्याला चार हजार, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार रुपये शुल्क भरावे, असे त्यात होते. मॉललाही चार हजार आणि कोथिंबीरवालीलाही चार हजार! मार्च २०१८ च्या दुरुस्तीत हे कलमच काढून टाकले. कागदावर समानता दिसते, पण जिच्याकडे काहीच नाही तिच्यावर आणि ज्याच्याकडे सगळे आहे त्याच्यावर सारखेच ओझे टाकणे याला आपण समानता म्हणत नाही.

आपल्याकडे कर कुठे घ्यायचा?

आयर्लंडचे सगळे जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. तिथे बहुतेक पिशव्या गल्ल्यावरच्या यंत्रातून बिल होऊन जातात आणि दुकानदार सरकारला नियमित हिशोब देतो. आपल्याकडे पिशवी जाते कोथिंबिरीसारखी, वरकडीत. हातगाडीवाला, पाटीवाली, कोळीण, यांच्याकडे बिल नाही आणि गल्लाही नाही. त्यांना 'प्रत्येक पिशवीमागे कर घ्या आणि सरकारजमा करा' असे सांगणे म्हणजे त्यांना रोज एका नव्या साहेबाच्या तोंडी देणे. दुसरे असे, की आपल्यातली मोलमजुरी करणारी बाई महिन्याचा किराणा एकदम भरत नाही. ती रोजच्या रोज पावशेर डाळ, दहा रुपयांचे तेल, वाटाभर टोमॅटो घेते. महिन्याचा बाजार गाडीतून आणणाऱ्या घराला वर्षाला लागतील त्याच्या कितीतरी पट पिशव्या तिला लागतील. पिशवीगणिक सरसकट कर घेतला तर जास्त कर गरीब बाईच भरणार.

म्हणून कर घ्यायचा तो उगमापाशी. डेन्मार्कने १९९० च्या दशकातच पिशव्यांवर कर लावला तो उत्पादक आणि आयात करणारे यांच्याकडून, वजनावर. पाणी अडवायचे तर नळापाशी अडवावे, सांडल्यावर पोछा घेऊन धावू नये. कारखाने मोजता येतात, त्यांचा माल वजनावर निघतो, त्यांच्याकडे कागदपत्रे असतात. तिथे कर लागला की पिशवी घाऊक बाजारातच महाग होईल, आणि भाजीवाली स्वतःच सांगेल, 'ताई, पिशवी आणा, परवडत नाही.' तिला पोलिसाची गरज लागणार नाही. मोठ्या दुकानांत, जिथे बिल होते तिथे, आयर्लंडसारखा पावतीवर दिसणारा कर वेगळा घ्यावा.

पैसा कुणाचा?

आता पैशाकडे येऊ. १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. बहुसंख्य सभासद बायका, बहुतेकजणी दलित जातींतल्या. 'आम्ही चोर नाही, भिकारी नाही, आम्ही काम करतो' एवढे म्हणायलाही त्यांना संघटना लागली. त्यांच्या झगड्यातून महापालिकेने ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना या कामात सामावून घ्यावे असे म्हटले. ज्या कामाला कुणी काम म्हणत नव्हते, ते शहराचे काम आहे हे मान्य करवून घ्यायला एवढी वर्षे लागली.

आणि त्याच काळात काय झाले पाहा. १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. हा कर भंगाराचे मोठे व्यापारी आणि कारखाने भरतात, वेचणारी बाई थेट भरत नाही. पण वर कर वाढला की खाली भाव दाबला जातो, हे वजनकाट्यापाशी उभी राहिलेली प्रत्येक बाई जाणते. म्हणजे पिशवी फेकणाऱ्याला काही नाही, आणि उचललेल्या मालावर मात्र कर. हा उलटा न्याय आहे. कर कचरा निर्माण होतो तिथे हवा, निस्तरला जातो तिथे नको.

पिशवीच्या करातून जो पैसा येईल त्यावर पहिला हक्क ती उचलणारीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत गेला की त्यातून रस्त्याचे दुभाजक रंगतील. तो वेगळ्या निधीत ठेवावा. त्यातून पातळ प्लास्टिकला किलोमागे निश्चित भाव द्यावा, म्हणजे ते उचलणे परवडेल. वर्गीकरणाला छप्पर असलेली जागा, पाणी, संडास, हातमोजे, आजारपणाचा विमा आणि म्हातारपणी पेन्शन हे सगळे त्यातून व्हावे. काचेने कापलेले बोट आणि झिजलेली कंबर हाही पिशवीच्या किमतीचाच भाग आहे.

कापडी पिशवी आणि आठवणीचे काम

एवढे बोलून थांबले तर निम्मेच बोलल्यासारखे होईल. प्लास्टिक गेले की त्याच्या जागी काय येते, तेही पाहायला हवे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बंदीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुकानातल्या पिशव्या सुमारे चार कोटी पौंडांनी घटल्या, पण लोकांनी कचऱ्यासाठी विकत घेतलेल्या प्लास्टिक पिशव्या सुमारे एक कोटी वीस लाख पौंडांनी वाढल्या. दहा किलो वाचले, त्यातले तीन किलो दुसऱ्या दाराने आत आले. आपल्याकडेही भाजीची पिशवी कचऱ्याला वापरली जाते. ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवून तसाच गाडीत रिता करायचा, ही सवय लागल्याशिवाय नुसत्या कराचा पुरा फायदा होणार नाही. आणि गाठ मारलेली पिशवी फोडताना आत ब्लेड निघते ते कुणाच्या हाताला लागते, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

कापडी पिशवी म्हणजे आपोआप पुण्य, असेही नाही. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ मध्ये हिशोब मांडला. नव्या सुती कापडाची पिशवी किमान १३१ वेळा वापरली, तरच हवामानाच्या दृष्टीने ती एकदाच वापरून फेकलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीपेक्षा बरी ठरते. आठवड्यातून दोनदा बाजार केला तर सव्वा वर्ष ती टिकली पाहिजे. कापूस काही आभाळातून पडत नाही, त्याला पाणी, खत, फवारणी लागते, आणि तो वेचायलाही बायकाच वाकतात. समारंभात वाटलेल्या, नेत्याचा फोटो छापलेल्या पातळ पिशव्या दोनदा धुतल्या की विरतात, त्या या हिशोबात बसत नाहीत. पण जुन्या साडीची, विटलेल्या पडद्याची, पँटच्या पायाची जी पिशवी आपल्या आया-आज्या शिवत आल्या, तिला हा हिशोब लागूच होत नाही. ते कापड आपले आयुष्य जगून झालेले असते. तिथे लागतात फक्त श्रम.

आणि हे श्रम कुणाचे, हा प्रश्न आपण विचारायचाच. एके काळी रद्दीच्या कागदी पिशव्या घरोघरी बायका खळ लावून चिकटवत आणि शेकड्यावर तुटपुंजे पैसे मिळवत. प्लास्टिकने ते काम खाल्ले तेव्हा कुणी हळहळले नाही. आज बंदीच्या निमित्ताने बचत गटांना कापडी पिशव्या शिवायला सांगतात, फोटो काढतात. शिवणाऱ्या बाईला दिवसाअखेर किमान वेतनाइतके सुटतात का, दोरा आणि वीज कुणाची, पैसे किती महिन्यांनी मिळतात, हे कुणी विचारत नाही. पर्यावरणाची सेवा म्हणून आपल्याकडून स्वस्तात काम करून घेऊ नये. काम आहे तर दर हवा.

शिवाय आणखी एक काम आहे, जे कुठल्याच हिशोबात येत नाही. पिशवी न विसरण्याचे काम. 'पिशवी घेतली का?' हे वाक्य घराघरांत कोण बोलते? पिशव्या धुऊन, घडी करून दाराच्या खिळ्याला कोण अडकवते? कचेरीतून येताना हात हलवत भाजी घ्यायला मंडईत शिरणाऱ्या पुरुषाला प्लास्टिकच्या पिशवीने मोकळे केले होते. आता ती गेली की त्याच्यासाठीही लक्षात ठेवायचे काम पुन्हा घरातल्या बाईवर येणार. म्हणून मला कर अधिक बरा वाटतो. जो विसरेल तो भरेल. पुरुषाच्या खिशाला दोन-चारदा चाट बसली की पिशवी त्याच्याही खिशात राहील. सरकारी जाहिरातींतही पिशवी घेऊन बाजाराला निघालेला पुरुष दाखवा, सदा न कदा पदर खोचलेली आदर्श गृहिणीच नको.

आपण काय मागायचे?

मैत्रिणींनो, बोलणे आवरते घेते आणि आपल्या चर्चेसाठी मागण्या मांडते. त्यात भर घाला, पटत नसेल ते खोडा.

एक, पिशवीवरचा कर कारखान्याच्या दारात वजनावर आणि मोठ्या दुकानात पावतीवर घ्यावा. पाटीवाली, हातगाडीवाले, छोटे फेरीवाले यांच्याकडून घेऊ नये. दोन, रस्त्यावरच्या विक्रेत्यांना हजारोंचे दंड करणे थांबवावे. आधी घाऊक व्यापारी आणि उत्पादक तपासावेत. तीन, कराचा पैसा वेगळ्या निधीत जावा, त्याचा हिशोब दरवर्षी जाहीर व्हावा आणि तो खर्च करणाऱ्या समितीत कचरावेचक बायका असाव्यात. चार, भंगारावर कर नको. पाच, वेफर्स-शांपूच्या पाकिटांसारखी जी वेष्टने भंगारातही विकली जात नाहीत, त्यांनाही हाच न्याय लावावा. सहा, प्रत्येक मंडईच्या दाराशी बचत गटाला पिशव्यांसाठी एक गाळा द्यावा. अनामत ठेवून पिशवी न्यायची, परत केली की पैसे परत घ्यायचे. शिवणाऱ्या बाईला किमान वेतनाच्या हिशोबाने दर मिळावा.

यातल्या काही गोष्टी दिल्ली-मुंबईच्या हातात आहेत. पण सगळ्याच नाहीत. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी असे ठरवले आहे. तिच्यात किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रियांच्या. आपल्या गावात ही समिती आहे का? तिच्यात बायका आहेत का, आणि असतील तर त्या सहीपुरत्या आहेत की बोलतात? पिशवीचा प्रश्न त्या समितीपुढे भाजीवालीनेच मांडला पाहिजे. दंडाची पावती मिळाली असेल तर ती फेकू नका, जपून ठेवा, संघटनेत आणून द्या. पावती दिलीच नाही तर तारीख, जागा आणि किती पैसे घेतले ते मुलाकडून लिहवून ठेवा. कचरावेचक मैत्रिणींनी महिनाभर पातळ प्लास्टिकला कुठे काय भाव मिळाला ते टिपून ठेवावे. शिवणाऱ्यांनी एका पिशवीला किती वेळ आणि किती दोरा लागतो ते मोजावे. पुढच्या बैठकीत हे तिन्ही कागद एकत्र करू आणि आपल्या भाषेत निवेदन लिहू.

पिशवीवरचा नियम पुन्हा बदलेल, याआधी किती वेळा बदलला ते तुम्ही ऐकलेच. पुढच्या वेळी तो बदलताना टेबलावर आपले आकडे असले पाहिजेत. आता प्रश्न विचारा. सुरुवात भाजीवाल्या मावशींनी करावी, त्यांना चारच्या आत मंडईत पोचायचे आहे.